अडुसष्ट माणसांचं मशीन

—नाही नाही, तो आकडा नको उतरवूस. फळ्यावरचा. थांब जरा—आधी भिंती मोज, खिडक्या मोज, छताची उंची घे, माणसं काय, माणसं शेवटी. माणसं कुठे पळून जातायत? बस ना तू, त्या दुसऱ्या बाकावर बस, पहिल्याची गादी ओली आहे—ओली म्हणजे हाताला नाही लागत, पण बसलीस की कळेल. उकडतंय ना? उकडणारच. तीन आठवडे झाले एसीचं मशीन बंद पडून, आणि बाहेर सावलीत पारा शंभर फॅरनहाइटला टेकलाय. हा घे पंखा. पुठ्ठ्याचा आहे, मर्तिकाचं काम करतात ना, त्यांनी वाटलेला, मागे फोन नंबरपण आहे त्यांचा—अख्ख्या अलाबामात चर्चमध्ये पंखे वाटणार ते तेच, गिऱ्हाईक इथेच बसलेलं असतं. मशीन आलं तेव्हा मी स्वतः हे सगळे पोत्यात भरून माळ्यावर टाकले होते, म्हटलं झालं ह्यांचं काम. परवा परत उतरवले. एकशे ऐंशी निघाले, आणि वाटायला लागले किती तर—असू दे. नव्या मशीनचा हिशेब करायला आलीयस, तू फूट मोज.

लांबी साठ, रुंदी चाळीस, मला पाठ आहे, पण तू मोज, मोजल्याशिवाय लिहायचं नाही हे बरोबर आहे तुझं. मीही माझ्या हाताखालच्यांना तेच सांगायचो. चाळीस वर्षं हाच धंदा केला मी—ग्रँथम कूलिंग, तीन पांढऱ्या गाड्या, बाजूला निळा पेंग्विन—नाही आठवत? लहान असशील. केन्ड्रा ना तू? खिशावर लिहिलंय म्हणून कळलं. तर केन्ड्रा, गिऱ्हाईक मला म्हणायचं, वर्लन, शेजाऱ्याने चार टनाचं घेतलंय, मला पाचचं दे. जसा काय टीव्हीच घ्यायचाय. मी म्हणायचो, साहेब, टन म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना घरातली जेवढी उष्णता खाईल तेवढी ताकद. तुमच्या घराला तीन टन बर्फ पुरतो, पाच टन आणून काय बुडून मरायचंय? पटायचं नाही. मोठं ते चांगलं हे माणसाच्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की काढायला जावं तर डोकंच हातात यायचं. मग मी तास-तासभर त्यांच्या स्वयंपाकघरात बसून समजावत राहायचो, आणि तोवर माझी कॉफी गार व्हायची.

पश्चिमेच्या खिडक्या सहा, लिहिल्यास? तिकडे ओकचं झाड होतं मोठं, वादळात गेलं, तेव्हापासून दुपारी सावली नाही, तेही लिही. माळ्यावरचं ऊन अडवणारं इन्सुलेशन दबून गेलंय, उंदरांनी घरं केलीत. आणि मुख्य दार—नुसतं दार लिहून नाही भागायचं, ते दर रविवारी दहा-बारा मिनिटं सताड उघडं असतं. उपासना संपली की ब्रदर हॉयट—आमचे पास्टर, हॉयट फेअरक्लॉथ, एकतीस वर्षं झाली त्यांना इथे—त्या दारात उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या एकेकाचा हात हातात घेतात. आणि सोडत नाहीत पटकन. गुडघा कसा आहे, नातीचा फोन आला का—आणि तेवढ्या वेळात सगळी गार हवा रस्त्यावर. त्यांना दिसत नाही ना फारसं. बारा वर्षं झाली, डोळ्यांच्या मधोमध नुसता धूर, कडेकडेचं तेवढं दिसतं. हातावरून ओळखतात माणूस. मिस ओडेलची अंगठी, टकर भावांचे रंदा मारून राठ झालेले तळवे. मी? मी नसतो त्या रांगेत. मी बाजूच्या दाराने मागे जातो, मशीन बंद करायला. कोणीतरी करायला हवं ना ते.

तो कोपरा बघतेस ना? मघापासून बघतेयस, मला दिसतंय. काळं आलंय. दोनदा रंगवून घेतला, ब्लीच टाकून घासला, परत येतं. गीतांचं पुस्तक उघड एखादं—बघ, पानं सुटत नाहीत एकमेकांपासून. पियानो लावायला डोथनहून माणूस यायचा, आता म्हणतो मला बोलावूच नका, मी गाडी वळवेपर्यंत त्याचे सूर परत उतरलेले असतात. बायका ऑगस्टमध्ये स्वेटर घालून बसायच्या आणि तरी अंग चिकट. का? तुला काय सांगायचं, तुला शिकवलंय हे. मशीन मोठं. पंधरा टन. पंधरा टन सुरू झालं की सात मिनिटांत थर्मोस्टॅट खूश, मशीन बंद. हवा गार झाली, पण ओल आहे तिथेच—मशीनमधल्या थंड कॉइलवर दव धरतं, ते नळीतून वाहून जायला वेळ तर मिळाला पाहिजे, मशीनच थांबलं की तेच पाणी परत हवेत. वीस मिनिटांनी परत सुरू, परत सात मिनिटं. छोटं मशीन असतं तर रमतगमत तासभर चाललं असतं आणि बादलीभर पाणी काढलं असतं. एकवीस वर्षं हे असं. ते काम करून करून नाही मेलं, पोरी, ते उठबस करून करून मेलं. एवढं मोठं ठरवलं कोणी? बिल्डिंग कमिटीने. दोनशे माणसांची बाकं आहेत, तर मशीनही तसंच दणदणीत पाहिजे, असं आलं कमिटीच्या डोक्यात, मग सगळ्यांनी हात वर केले आणि झालं पास. कमिटी म्हटल्यावर काय करणार.

हीट पंप म्हणतेस? चालेल की. हिवाळा तो काय आमचा, जानेवारीत चार सकाळी गवत पांढरं होतं, संपलं. उन्हाळ्यात उष्णता बाहेर फेकायची, हिवाळ्यात तीच बाहेरून आत ओढायची, मशीन तेच, उलटं चालवायचं. गॅसची भट्टी तशीही गंजलीय. त्याला माझी ना नाही. माझं भांडण आहे आकाराशी. काय? एका मोठ्याऐवजी दोन छोटी—एक रोजचं, दुसरं गर्दी झाली की—हुशार आहेस. मलाही सुचलं होतं ते. पण गर्दी कधी होणार ते सांग. होमकमिंगच्या रविवारी, गाव सोडून गेलेले सगळे परत येतात तेव्हा—झाडाखाली टेबलं, तळलेली कोंबडी, केळ्याचं पुडिंग, उभं राहायला जागा नसते. पण तो ऑक्टोबरात, तेव्हा दारं-खिडक्या उघडून बसतो आम्ही. मग उरली मर्तिकं. मर्तिकाला मात्र येतात हं. जिवंतपणी ज्याच्या शेजारी बसायला कोणी येत नव्हतं त्याला पोचवायला दीडशे माणसं. तेव्हा दुसऱ्या मशीनला काम पडेल म्हणा. पुढची काही वर्षं तरी बरंच पडेल.

आणि एक बसव, दोन बसव, उलटं बसव, सुलटं बसव, तुझ्या कागदावर तो रकाना राहतोच ना. माणसं किती. बसलेला एक माणूस म्हणजे जुना शंभर वॅटचा तापलेला बल्ब, शिवाय श्वासातून-घामातून तासाला अर्धा कप पाणी हवेत सोडणार, ते वेगळं. दोनशे लिहिलंस तर साडेबारा टन. अडुसष्ट लिहिलंस तर साडेआठ. आणि त्याहून कमी लिहिलंस तर—मी करून बघितलाय हिशेब घरी, पेन्सिलने, सवय जात नाही—सात. तू म्हणशील, म्हातारा एका रकान्यासाठी एवढा घोळ का घालतोय. सांगतो. येत्या रविवारी उपासना झाली की बैठक आहे, मशीनसाठी. आमच्यात पास्टर ठरवत नाही, सगळे मिळून हात वर करून ठरवतात, आणि हात वर करायच्या आधी तुमचा कागद मोठ्याने वाचायचा, अख्खा, ओळ न ओळ, असा नियम आहे. पूर्वी कधी कोणीतरी न वाचता छपराचा ठराव पास करून घेतला होता, तेव्हापासून. मिस ओडेल वाचते. ती पियानो वाजवते तसंच वाचते, एक मात्रा सोडत नाही. खिडक्या चौदा. दारं दोन. नेहमीची हजेरी—आणि पहिल्या बाकावर ब्रदर हॉयट बसलेले असतात, त्या ओल्या गादीवर, मान अशी एका बाजूला करून, कान पुढे. त्यांना वाचता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.

म्हणून म्हणतो, दोनशे लिही आणि मोकळी हो. बाकं दोनशेची आहेत, त्यात खोटं काही नाही. नको? तुझ्या सहीचा कागद आहे, बरं. मग अडुसष्ट लिही. फळ्यावर ठळक आहे—आजची हजेरी अडुसष्ट. मघाशी मीच नको म्हटलं? म्हटलं. आता लिही म्हणतो. तो फळा माझ्याकडे असतो, सव्वीस वर्षं झाली, मागे उभं राहून डोकी मोजायची आणि खाचेत आकड्यांच्या पट्ट्या सरकवायच्या, माझंच काम ते, मी सांगतो ना तुला. काय बघतेस? कुठली ओळ? आजची हजेरी, मागच्या रविवारची हजेरी, आणि खाली—बायबल आणलेली, एकोणीस. हं. हल्ली लोक मोबाइलवर वाचतात, काही जण विसरतात, आणि एका घरात एकच पुस्तक असलं तर दोघं-तिघं मिळून—अशी बघू नकोस माझ्याकडे. त्या ओळीत मी कधी खोटं लावलेलं नाही.

बस. उठू नकोस, बस. पाणी पी जरा, गार नसेल. तोंडातून गेलंच आहे तर ऐक आता. अकरा वर्षांपूर्वी जूनमध्ये इमोजीन गेली, हॉयटची बायको—लोकांसमोर मी ब्रदर हॉयट म्हणतो, एरवी हॉयटच—गुरुवारी पुरलं तिला. त्या गुरुवारी इथे भिंतीला टेकून माणसं उभी होती. आणि रविवारी हा उभा राहिला उपदेशाला. आम्ही सगळ्यांनी सांगितलं, एक रविवार जाऊ दे, ऐकेल तर शपथ. बरं, त्या रविवारी आली किती? एक्केचाळीस. बाकीच्यांना वाटलं असेल गुरुवारी जाऊन आलो ना. आणि हटोंच्या घरची सात माणसं त्याच महिन्यात हायवेवरच्या त्या मोठ्या चर्चला गेली होती, तिथे गाण्यांचे शब्द दाखवणारे मोठे पडदे आहेत, कॉफी मिळते, बाकांऐवजी मऊ खुर्च्या. हॉयट तोवर फळा स्वतः वाचायचा, पण त्या उन्हाळ्यात ते संपलं. सगळे गेल्यावर दारातून आत आला, चाचपत, एकटाच, माझा खांदा सापडला त्याला, त्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वर्लन, आज किती?" आणि मी म्हटलं, अठ्ठावन्न. असं सरळ. आजारी होते ते आले असते ना, ते धरले. हटो परत येतीलच, ते सातही धरले. इमोजीनला धरलं—हो, धरलं, तीन दिवसांत कोणाला गाळतात का? "बरं झालं, वर्लन," एवढंच म्हणाला तो. मी लगेच जाऊन फळ्यावर अठ्ठावन्न लावले, म्हटलं कोणी विचारलं तर दोन्हीकडे सारखं असावं.

आणि मग खोटं एकदा सुरू झालं की त्याला पोसावं लागतं. घटत जाणारं खोटं काय कामाचं? अठ्ठावन्नचे साठ झाले, साठचे पासष्ट. माणसं इकडे गळतायत आणि फळा वर चढतोय. रविवारी जेवण झालं की त्याचा फोन येतो, दर रविवारी, आज किती, मी सांगतो, बरं झालं वर्लन, ठेवतो. बाकीच्यांना डोळे नाहीत का? आहेत. आधी वाटलं, लक्ष नसेल—आमचा बॅप्टिस्ट पंथाचा माणूस पुढे बसतच नाही, सगळे मागच्या चार बाकांवर, प्रत्येकाला वाटत असेल बाकीचे आपल्या मागे आहेत. पण एकदा मलाच लाज वाटली आणि मी खरा आकडा लावला, एकतीस होते तेव्हा. तर मिस ओडेल पियानोवरून उठून उभी राहिली. नुसती फळ्याकडे बघत उभी, गाणं सुरूच करेना. मी गेलो, तिनाच्या जागी सहाची पट्टी सरकवली, मग बसली आणि वाजवायला लागली. म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं, एका त्याला सोडून. ज्याला दिसत नाही त्याला सगळं गाव मिळून फसवतंय, आणि त्यातला मुकादम मी.

हो, म्हणूनच. बरोबर ओळखलंस, मशीन बंद करायला मागे जावं लागत नाही. टायमर आहे त्याला, मीच बसवलाय. आज किती, अठ्ठावन्न, असं सांगून झाल्यावर पुढच्या रविवारी त्या माणसाच्या हातात हात कसा द्यायचा? तो हात सोडत नाही पटकन, सांगितलं ना तुला. तळव्यावरून त्याला काय काय कळतं देव जाणे. तेव्हापासून मी बाजूच्या दाराने जातो. मागे जाऊन मशीनजवळ उभा राहतो, रांग संपेपर्यंत, मशीन बंदच झालेलं असतं.

आणि आता एवढं सांगितलंच आहे तर ते पंधरा टनही ऐकून ठेव. कमिटी म्हटलं ना मी मघाशी? कमिटीत तिघं होतो, आणि त्यातल्या दोघांना टन म्हणजे काय हे अजून माहीत नाही. हिशेब मी केला होता. नव्वद माणसं यायची तेव्हा, खरीखुरी नव्वद, आणि माझ्या कागदावर आकडा आला होता साडेनऊ टन. मी लिहिलं पंधरा. पूर्ण दोनशे भरले असते तरी साडेबारा पुरले असते, मी लिहिलं पंधरा. तीन परगण्यांत लोकांना शहाणपण शिकवत हिंडलो आणि आपल्या देवाच्या घरी आलो तर माझंच डोकं फिरलं. मला वाटलं, जागा करून ठेवली की माणसं येतील. हॉयट म्हणाला होता, "तू सांगशील ते, वर्लन, मला ह्यातलं काही कळत नाही." आणि मग ती ओल. तो वास. मी लोकांना सांगतो हटो पडद्यांसाठी गेले, कॉफीसाठी गेले. मिसेस हटो जाताना मला पायरीवर भेटली होती. म्हणाली, मिस्टर ग्रँथम, आमच्या धाकट्याला इथे आलं की धाप लागते, दुसरीकडे कुठेच लागत नाही. मी म्हटलं, असेल फुलांचं काहीतरी, हवेत असतं. मी म्हटलं! चाळीस वर्षं हाच धंदा केलेला माणूस! त्यांच्यामागून आणखी किती गेले त्याच्यासाठी ते मी मोजलं नाही. फळ्यावर मी जेवढे वाढवले ना, पोरी, त्यातले निम्मे मीच घालवलेले आहेत.

फळा काय, लावाल ते दाखवतो. मशीन नाही ऐकत. ते एवढ्या माणसांची ऊब धरून बसवलेलं, आणि समोर बसलेली मूठभर, म्हणून ते सुरू व्हायचं आणि लगेच थांबायचं, परत सुरू व्हायचं आणि थांबायचं, आणि मी मागे उभा राहून ते ऐकायचो. प्रार्थना सुरू असायची, सगळे डोळे मिटून, आणि मला तेवढंच ऐकू यायचं. खूप कंटाळा आला गं मला ह्या सगळ्याचा. सात टनाचं लिही. माणसं सत्तावीस. मला आणि हॉयटला धरून सत्तावीस, गेल्या रविवारी नीट दोनदा मोजली. परत ती चूक नको, परत तो कोपरा काळा व्हायला नको, आहेत त्यांनी तरी कोरड्या हवेत बसावं. रविवारी ओडेल वाचेल तेव्हा त्याला पहिल्यांदा कळायला नको, त्याआधी शनिवारी मी जाऊन सांगेन त्याला. काय सांगणार? हॉयट, तू अकरा वर्षं रिकाम्या बाकांना उपदेश करतोयस, आणि बाकं रिकामी मी केली? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला? ते माझं मी बघेन. तू लिही.

काय झालं? लिही ना. कागद कशाला फिरवतेस माझ्याकडे, चष्मा—थांब. हं. नेहमीची हजेरी. सव्वीस. हे आत्ता लिहिलंस? नाही, पेन तर तुझं खिशात आहे. मग कधी? मंगळवारी? मंगळवारी तू आलीच नव्हतीस इथे, आज पहिल्यांदा आलीस. फोनवर? कोणाशी बोललीस तू फोनवर?

काय म्हणाला तो? नाही, तसं नको, जसंच्या तसं सांग. दारात हात मोजतो. हं. पंचवीस हात आणि सव्वीसावा मी. बरं. आणि? आणखी काहीतरी म्हणाला, तू गाळतेयस, सांग. "वर्लन तुला जास्त सांगेल. सांगू दे त्याला, मध्ये बोलू नकोस, पण कागदावर सव्वीस लिही." असं म्हणाला? हसत होता का?

म्हणजे त्या पहिल्या रविवारीसुद्धा. दारात उभं राहून एकेकाचा हात घेऊन झाल्यावर तो आत आला होता. त्याचं मोजून झालेलं होतं, आणि मग त्याने मला विचारलं, आज किती. आणि मी म्हटलं अठ्ठावन्न, आणि तो म्हणाला बरं झालं. अकरा वर्षं दर रविवारी फोन करत होता तो, उत्तर माहीत असताना. मला वाटायचं मी त्याला सांभाळतोय.

पण चुकलंय ते. सव्वीस नाही. मी मागे उभा राहून मोजतो, माझी मोजणी नाही चुकत, सत्तावीस आहेत. त्याचा एक हात कमी पडलाय. कोण राहिलं? ओडेल पियानो संपवून सगळ्यांच्या शेवटी येते, पण येते. टकर दोघं येतात. मिसेस बीझली चाकांच्या खुर्चीत असते, तिच्याकडे तो स्वतः वाकतो. मग राहिलं कोण, सगळे तर त्याच दाराने—

हं.

खोड ते. सत्तावीस कर. अगं, कर ना, रविवारी वाचून दाखवायच्या आत खरं झालेलं असेल ते. आणि आता जा तू, झालंय तुझं सगळं, टेप राहिली बघ तिथे बाकाखाली. पंखा ने, खूप आहेत. फळा राहू दे तसाच, तो मी बघेन. रविवारी वरच्या ओळीत सत्तावीस लागेल, आणि खाली मागच्या रविवारचे अडुसष्ट राहतील, नियमच आहे तसा—परका कोणी आला तर त्याला वाटेल आठवड्यात एक्केचाळीस माणसं गेली. वाटू दे. नाही, बाजूच्या दाराने नको, ते मी बंद करून टाकतोय. मोठ्या दाराने जा. ओलीने फुगलंय ते, जरा जोर लाव. जा.